लाइट गेली तरी संपमधून पाणी बाहेर येऊ नये म्हणून

मोठ्या रीफ टँकला (प्रवाळ आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) खाली संप, म्हणजे पंप बसवलेली दुसरी टाकी, असला की लाइट गेल्यावर वरचं पाणी रिटर्न पाइपातून (पंपाचं पाणी वर नेणारा पाइप) उलटं खाली येतं. ६ फूट बाय २ फूट टँकमध्ये पातळी १ सेंटिमीटर उतरली तरी जवळपास ११ लिटर पाणी. या पाइपाचा नोझल (वरचं तोंड) ५ सेंटिमीटर बुडालेला असेल तर पन्नासच्या वर! म्हणून संप भरायचा तो पंप बंद असताना, चालू असताना नव्हे.

१. खडक, वाळू टाकण्याआधीच टँक भरा. संपमध्ये पंप चालेल इतपतच पाणी ठेवा.
२. पंप चालवून वरची पातळी स्थिर होऊ द्या, मग बटण बंद करा.
३. पाणी उतरायचं पूर्ण थांबलं की संप काठाखाली ४-५ सेंटिमीटरपर्यंत भरा.
४. पंप पुन्हा चालू करा. पातळी स्थिरावली की पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा.

बाष्पीभवनाची घट भरून काढायचं रोजचं आरओ पाणी या रेघेपर्यंतच. त्यावर तांब्याभरही नको.

रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक भोक पाडलं तर हवा शिरते आणि उलटा प्रवाह लवकर तुटतो. पण भोक शेवाळाने बुजतं, उलटा प्रवाह अडवणारा चेक व्हॉल्व्हही चुन्याने अडकतो. त्यामुळे वरची पंप बंद करून बघायची चाचणी भोक बोळ्याने बंद ठेवूनच करा.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा छोटा पंप) लावा, रिटर्न पंप नाही. प्रवाळांना आणि माशांना लाइट नसताना हलतं पाणी जास्त गरजेचं.