‘टर्न इट ऑफ’ की ‘टर्न ऑफ इट’?

इंग्रजी शिकवताना मी फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारखं दोन-तीन शब्दांचं मिळून झालेलं क्रियापद, कधीच सुटं देत नाही, सोबत नाम हवंच. नुसतं ‘टर्न ऑफ’ घोकून हाती काही लागत नाही. ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणा, लगेच ‘टर्न द लाइट ऑफ’ म्हणा. दोन्ही बरोबर. आता ‘द लाइट’च्या जागी ‘इट’ ठेवा. ‘टर्न इट ऑफ’ एवढंच चालतं, ‘टर्न ऑफ इट’ चूक. सर्वनाम आलं की ते मध्येच बसणार, इथे सवलत नाही.

खरी कसोटी नामपदबंध, म्हणजे नाम आणि त्याला जोडून येणारे शब्द, लांबला की लागते. ‘टर्न द लाइट इन द रूम अपस्टेअर्स ऑफ’ म्हटलं तर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट बघत ताटकळतो. अशा वेळी ‘ऑफ’ आधीच उरकून टाका: ‘टर्न ऑफ द लाइट इन द रूम अपस्टेअर्स’. ‘द लाइट’पासून ‘अपस्टेअर्स’पर्यंतचं सगळं मिळून एकच नामपदबंध आहे, कारण त्या अख्ख्या तुकड्याच्या जागी एकटं ‘इट’ बसतं. पदबंध कुठे संपतो हे कळेना, तर हेच करून बघा. मला याहून भरवशाची युक्ती माहीत नाही.

सगळीच क्रियापदं अशी फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर द बेबी’, ‘लुक आफ्टर हर’. ‘लुक हर आफ्टर’ कधीच नाही. ‘पुट अप विथ इट’चंही तसंच. शंका आली तर शब्दकोशातली उदाहरणं बघा आणि वहीत क्रियापद ‘इट’ किंवा ‘हर’सकटच उतरवा.