बरणीच्या तोंडाशी बुरशी येत असेल तर

पावसाळा लागला की कैरीच्या लोणच्यावर येण्याआधी चिनी मातीच्या बरणीच्या गळ्याशी पांढरी बुरशी दिसायची. मीठ वाढवलं, तेल वाढवलं, झाकण बदललं, फरक शून्य. भरली बरणी फेकताना जीव तुटतो.

मूळ निघालं काठात. भट्टीत चिकटू नये म्हणून झाकण टेकते ती कड बिनग्लेझची, म्हणजे चकचकीत लेप न देता, ठेवतात. ती खरखरीत कड पाणी पिते, वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते.

बरणी कोमट पाण्याने धुवा. उकळतं ओतलं तर तडकू शकते. कडेला व्हिनेगर चोळा. मग नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन दिवस ठेवा, नुसतं पुसून भागत नाही. लोणचं भरल्यावर गळा कोरड्या फडक्याने पुसा. तापवून पूर्ण गार केलेलं तेल फोडींवर बोटभर येऊ द्या. दादरा, म्हणजे तोंडावर बांधायचं फडकं, बांधून झाकण लावा. आठवड्याने तेल मुरून खाली जातं, तेव्हा पुन्हा घाला.