जपानमध्ये ‘तिथे गेल्यावर बघू’ चालत नाही: या चुका टाळा

जपानला निघालेल्या मंडळींचं विमान ठरलेलं असतं, हॉटेलं ठरलेली असतात, फोटो कुठे काढायचे तेही ठरलेलं असतं. बॅग किती मोठी, शाकाहारी माणसाने खायचं काय, एका शहरातून दुसऱ्या शहरात सामानासकट कसं जायचं, हे विचारलं की उत्तर एकच: ‘तिथे गेल्यावर बघू.’ बँकॉक-दुबईत हे खपून जातं. जपानमध्ये काउंटरवरचा माणूस कमरेत वाकून, अतिशय गोड आवाजात ‘नाही’ म्हणतो, आणि ते नाही म्हणजे नाहीच. घासाघीस, विनवणी, ‘जरा ॲडजस्ट करा ना’ यातलं काहीही तिथे लागू पडत नाही.

घराएवढी बॅग घेऊन बुलेट ट्रेन

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक हीच. टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा या मार्गावरच्या शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, मे २०२० पासून नियम आहे: बॅगेची लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंमीच्या वर आणि २५० पर्यंत असेल, तर डब्यातल्या शेवटच्या रांगेतली, मागे सामानाची जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. न राखता बॅग आणली तर १,००० येन भरायचे आणि गार्ड सांगेल तिथे ती नेऊन ठेवायची. २५० च्या वरची बॅग गाडीत घेतच नाहीत.

विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ सेंमीची असते, म्हणजे तेवढी बॅग या नियमातून जेमतेम सुटते. पण घरी मोजताना चाकं आणि हँडल सोडून मोजतात आणि तिथेच फसतात. टेप चाकांच्या तळापासून धरा. लग्नाच्या बस्त्याला घेतलेली ती बत्तीस इंची बॅग घरीच ठेवा.

क्योतो स्टेशनवर सुट्टीच्या दिवसांत हमखास दिसणारा देखावा असा. सहा जणांचं कुटुंब, त्यात आजी-आजोबा, आणि पाच मोठ्या बॅगा. लिफ्ट एकच घावलेली, तिच्यापुढे रांग. फलाटावर पोचतात तेव्हा गाडीला तीन मिनिटं उरलेली. तिकिटावर ११ नंबरचा डबा, ही मंडळी उभी ४ नंबरपाशी. गाडी सोळा डब्यांची, म्हणजे सुमारे चारशे मीटर लांब, आणि क्योतोला थांबते जेमतेम दीड-दोन मिनिटं. मग धावाधाव. मुलगा बॅगा आत फेकतो, सूनबाई आजींना ओढते, आजोबा समोर दिसेल त्या दारातून चढतात आणि पुढची वीस मिनिटं कुणाचा कुणाला पत्ता नसतो. बॅगा दारातल्या जागेत अडवून उभ्या. गार्ड येतो, टोपी काढून वाकतो आणि पैसे मागतो. वर ‘केवढे कडक लोक!’ म्हणून घरी फोन. कडक कसले? डब्याचा नंबर तिकिटावर छापलेला असतो आणि फलाटाच्या जमिनीवर रंगवलेला असतो. वाचायला लागतो, एवढंच.

याला उपाय म्हणजे ‘ताक्क्युबिन’, जपानी सामान-कुरिअर. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो ही त्यातली सर्वांत ओळखीची कंपनी. हॉटेलच्या रिसेप्शनवर फॉर्म मिळतो. त्यावर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, बुकिंग ज्या नावाने आहे ते नाव आणि चेक-इनची तारीख लिहायची. टोकियोहून सकाळी दिलेली बॅग क्योतोला साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. मोठ्या बॅगेला दोन ते तीन हजार येन पडतात. बॅग देण्याची वेळ हॉटेलागणिक बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. विमानतळावर पाठवायची असेल तर उड्डाणाच्या किमान दोन दिवस आधी द्या. एका रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर पाठीवरच्या सॅकमध्ये. पासपोर्ट बॅगेत घालून पाठवू नका. परदेशी पर्यटकाने तो अंगावर बाळगणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

‘एवढे पैसे कशाला, लॉकर आहेत की स्टेशनवर,’ असं म्हणणाऱ्यांनी मोठ्या स्टेशनांवरचे मोठे लॉकर सकाळी दहानंतर रिकामे सापडतात का ते एकदा बघावं.

जेआर पास डोळे मिटून घेणं

जेआर पास म्हणजे ठरावीक दिवस जपान रेल्वेने हवं तेवढं फिरायचा पास. तो घ्याच, असे दहा वर्षांपूर्वीचे सल्ले अजून फिरत असतात, हा त्यांचाच परिणाम. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला. आता हिशेब मांडा. टोकियो-क्योतो एका बाजूचं राखीव तिकीट सुमारे १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. मधे हिरोशिमा घातलं तरी एकूण खर्च ४५ हजारांच्या आसपास राहतो. शिवाय सगळ्यात जलद ‘नोझोमी’ गाडीला पासवर वेगळी रक्कम भरावी लागते, नाहीतर मग थोडी हळू ‘हिकारी’. सुटं तिकीट काढा. त्याहून चांगलं म्हणजे विमान येताना टोकियोचं आणि परतीचं ओसाकाहून घ्या. एक अख्खी फेरी वाचते.

कागदी तिकिटं बहुधा दोन असतात, एक भाड्याचं आणि एक जलद गाडीचं. गेटमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच सरकवायची, आणि पलीकडून बाहेर आलेली उचलायची. तिथे विसरली की उतरताना पंचाईत.

‘व्हेज’ म्हटलं की समजतं, हा गैरसमज

समजत नाही. तुम्ही ‘नो मीट’ म्हणालात तर मांसाचे तुकडे येणार नाहीत, मासा मात्र येईल, आणि तो दिसणारही नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचं पाणी. ते बहुतेक वेळा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेला बोनितो मासा, यांच्यापासून करतात. आपल्याकडे फोडणी जशी सांगितल्यावाचून पडते तशी ही दाशी सगळीकडे पडते. मिसो सूप, उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा, तळलेल्या तोफूवरचं पाणी, पालकाची थंड भाजी, अंड्याची गोडसर गुंडाळी, इनारी सुशीतली तोफूची पिशवी, टेंपुरा या जपानी भज्यांबरोबरची चटणी: सगळीकडे मासा आहे. वाढणारी बाई खोटं बोलत नसते. तिच्या दृष्टीने त्यात मासा नसतोच, चव असते. जपानी करीच्या तयार मसाल्यात बहुतेकदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, तेव्हा ‘भाज्यांची करी’ या चित्रावर भुलू नका. दही आणि पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. ‘मांस, मासा, दाशी, कात्सुओ, चरबी, जिलेटिन चालत नाही’ हे जपानी लिपीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा, ताट आल्यावर नव्हे. अंडं चालतं की नाही हेही त्यावर लिहा. गर्दीच्या वेळी छोट्या दुकानात कार्ड दाखवलंत तर ‘जमणार नाही’ असं उत्तर येईल. तो अपमान नाही, प्रामाणिकपणा आहे.

बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ शुद्ध शाकाहारी असतं आणि त्यात कांदा-लसूणही टाळतात. जैन वाचकांनी मात्र लक्षात घ्यावं की त्यात मुळा, गाजर, कमळाचा कंद अशी कंदमुळं भरपूर असतात. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे. तिथे आपल्या जेवणाची सोय होते. पण रोज संध्याकाळी तासभर प्रवास करून डाळ-रोटी खायची असेल तर जपानला जायचं कशाला, हाही प्रश्न आहेच.

रोजच्या सोयीसाठी कोन्बिनी, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही नाक्यानाक्यावरची दुकानं. तिथे शिजवलेल्या साध्या भाताचं बंद पाकीट मिळतं, साधारण २०० ग्रॅमचं. एका कोपऱ्यातून सील थोडंसं उघडून दोन मिनिटं मायक्रोवेव्ह केलं की गरम, चिकट, छान भात. त्यावर घरून नेलेलं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. दिवसभर वीस हजार पावलं चालून आल्यावर याच्यासारखं काही नाही. शिवाय केळी, भाजलेलं रताळं, मीठ लावलेले एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. थेपले आणि भाकरवडी न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे कोणतेही पदार्थ मात्र नेऊ नका. हापूसची पेटी तर नाहीच, काकू कितीही म्हणाल्या तरी.

घरची किटली

‘मॅगीसाठी आपली छोटी किटली घेऊ.’ जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची, दीड हजार वॉटची किटली तिथे तीनशे वॉटदेखील देत नाही. पाणी कोमट होतं आणि तुम्ही तिच्याकडे बघत बसता. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असतेच. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपची पिन तीन खुंट्यांची असेल तर तीन खुंट्या आत घेणारा, पण स्वतःच्या पिना दोनच असलेला अडॅप्टर बघून घ्या. भिंतीतला सॉकेट बहुधा दोनचाच असतो.

मे महिन्यात साकुरा

टोकियो-क्योतोत चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. आपल्या शाळांना सुट्टी लागेपर्यंत तो गळून गेलेला असतो. आणि २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’, अख्खा देश एकदम बाहेर पडतो. या काळात नोझोमी गाड्यांना बिनराखीव डबाच नसतो. स्टेशनच्या खिडकीवर शिनकानसेनचं आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, तिथल्या सकाळी दहाला उघडतं. फुलं पाहायचीच असतील आणि सुट्टीही मेमध्येच असेल, तर उत्तरेचं होक्काइदो बेट गाठा. तिथे बहर मेच्या सुरुवातीला येतो.

बाकीच्या, थोडक्यात

ई-व्हिसाचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. इंटरनेट सुरू असलेल्या फोनवर त्याचं पान उघडून दाखवावं लागतं, म्हणून रोमिंग किंवा ई-सिम घरूनच चालू करून घ्या.

सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का ते पाहा. १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये बंदी आहे. नेहमीची औषधं एक महिन्याच्या आतली, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

सुइका, म्हणजे लोकल-मेट्रोत टॅप करायचं, पैसे भरून वापरायचं कार्ड, माणशी एक. एकाच कार्डावर दोघं जात नाहीत. टोकियोत टॅप करून क्योतोत बाहेर पडता येत नाही. प्लास्टिकचं कार्ड भरायला यंत्राला बहुतेक वेळा रोखच लागते, म्हणून ‘सगळं कार्डने’ म्हणणाऱ्यांनीही सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून येन काढून ठेवावेत.

हॉटेलातला ‘सेमी डबल’ पलंग सुमारे १२० सेंमी रुंद. दोन मोठी माणसं आणि एक मूल? नाही.

शेवटची लोकल मध्यरात्रीच्या आसपास जाते. त्यानंतर टॅक्सी, आणि टॅक्सीचा मीटर बघवत नाही.

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनातून बाहेर पडायचे रस्ते दोनशेच्या वर आहेत. हॉटेल कोणत्या दाराला जवळ ते आधी लिहून ठेवा, नाहीतर जमिनीखालीच अर्धा तास जातो.

रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नसतात. खिशात पिशवी ठेवा. टिप देऊ नका. पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतील.

आणि नाणी. ५०० येनचं एक नाणं अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात जातं आणि परत आल्यावर आपला मनी चेंजर नाणी घेत नाही. शेवटच्या दिवशी सगळी चिल्लर कोन्बिनीत खर्चून टाका आणि सुइका कार्डावर विमानतळाची गाडी पकडा.