एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय? पहिलाच फोटो बरोबर यावा म्हणून काय शिकायचं

बारावीचा निकाल लागला की मला देवगडहून फोन यायला लागतात. "ताई, नीटला मार्क कमी पडले. ते एक्स-रेचं शिकायचं कसं असतं गो?" गेली अकरा वर्षं मी हेच काम करते. आधी एक्स-रे, मग सीटी, आता एमआरआयसुद्धा. फोनवर दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बटण दाबायला आठवड्यात येतं. शिकायचं असतं ते बटण दाबण्याआधीचं. फोटो बिघडला तर तो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे त्या माणसाच्या अंगातून किरणं पुन्हा जातात आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग नसतो. आम्ही त्याला 'रिपीट' म्हणतो. कॉलेजची तीनही वर्षं तुम्ही फक्त एवढंच बघत अभ्यास केलात की माझा रिपीट कसा कमी होईल, तर बाकीचं आपोआप येतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी आहे, त्यात रेडिओलॉजीची शाखा घेता येते. तीन वर्षं शिक्षण आणि पुढे इंटर्नशिप. काही विद्यापीठांत मेडिकल इमेजिंगची बीएस्सी आहे, शिवाय डिप्लोमे आहेत. पूर्वी यासाठी मुंबई-पुण्याला जाण्यावाचून इलाज नव्हता. आता ओरोसला, रत्नागिरीला, अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत आणि डेरवणलाही मेडिकल कॉलेज आहे. कुठे कोणता कोर्स यंदा चालू आहे ते स्वतः जाऊन विचारा. फी भरण्याआधी दोन प्रश्न तोंडावर विचारायचे: हा कोर्स कोणत्या विद्यापीठाचा, आणि यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? एक्स-रे मशीन कोणी चालवायचं, त्याची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवून दिलेली आहे. सहा महिन्यांत सर्टिफिकेट आणि लगेच नोकरी असं सांगणाऱ्यांकडे आईचे दागिने मोडून पैसे भरलेल्या दोन मुली मला माहीत आहेत. त्यांचं वर्ष गेलं आणि पैसेही गेले.

आणखी एक विचारा, आणि हे फीपेक्षा महत्त्वाचं आहे: पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात, आणि तिथे दिवसाला पेशंट किती? हा धंदा हातानेच शिकायचा. ज्या विभागात ओपीडीची रांग दाराबाहेर जाते, तिथे शिका.

आता अभ्यास. फिजिक्सला घाबरून मुलं पाठांतर करतात आणि तिथेच फसतात. ८ नोव्हेंबर १८९५ ला रोंटगेनला हे किरण सापडले, दीड महिन्याने त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, १९०१ चं फिजिक्सचं पहिलं नोबेल त्याला मिळालं. हे पहिल्या पेपरात लिहून दोन मार्क मिळतील. पण ट्यूबच्या आत काय होतं ते डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तबकडीवर आदळतात, त्यांच्या शक्तीतली साधारण ९९ टक्के उष्णतेत जाते आणि उरलेल्या एका टक्क्याचे एक्स-रे होतात. म्हणून ती तबकडी फिरती ठेवतात, नाहीतर एकाच जागी जळेल. हे एकदा समजलं की सकाळी मशीन आधी वॉर्मअप करायला सर का सांगतात, ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

मशीनवर दोन आकडे लावायचे असतात: केव्ही म्हणजे किरणांचा जोर, एमएएस म्हणजे त्यांची संख्या. केव्ही १५ टक्के वाढवला की फोटोवर एमएएस दुप्पट केल्यासारखा परिणाम होतो. अंतराचा नियम तर घरीच शिकता येतो. लाइट गेली की मी पडवीत चिऱ्याच्या भिंतीवर टॉर्च मारून बघायची. एक हातावर उजेडाचं वर्तुळ लहान आणि झगझगीत, दोन हातांवर मोठं आणि फिकं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणजे एका जागी पाव उरतो. किरणांचंही तसंच. पोर्टेबल मशीनवर वॉर्डात फोटो काढताना दोन पावलं मागे सरायचं ते याच हिशेबाने.

अॅनाटॉमी पुस्तकातून शिकू नका, म्हणजे फक्त पुस्तकातून नको. माझा धाकटा भाऊ जेवायला बसला की मी मागून त्याच्या पाठीवर मणके मोजायची. मान खाली घातल्यावर सगळ्यात वर टोचतं ते सातवं मानेचं हाड. खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, खालच्या टोकाशी छातीचा सातवा मणका. कमरेवर दोन्ही हात ठेवले की हाडाची कड लागते, तिच्या रेषेत कमरेचा चौथा मणका. तो ओरडायचा, आई मला रागवायची, पण आजही पेशंट मशीनसमोर उभा राहिला की माझी बोटं आपोआप त्या जागी जातात. छातीच्या फोटोला सेंटर सातव्या मणक्यावर असतं. तो कपड्यावरून नजरेने ठरवायचा नाही, बोटाने शोधायचा. शोधण्याआधी पेशंटला सांगायचं की मी पाठीला हात लावतेय.

छातीचा फोटो नीट शिका. सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त रिपीट यातच होतात. पेशंट छाती पॅनेलला, म्हणजे फोटो ज्यावर उमटतो त्या पाटीला टेकवून, पाठ ट्यूबकडे करून उभा. ट्यूब पॅनेलपासून १८० सेंटिमीटर दूर. पाठीमागून काढतो, कारण हृदय पुढच्या बाजूला असतं. ते पॅनेलजवळ आलं की सावली फुगत नाही. हनुवटी वर, हातांचे तळवे उलटे करून कमरेवर, आणि कोपरे पुढे ढकलायचे म्हणजे खवाटे फुफ्फुसावरून बाजूला जातात. मग श्वास. चांगल्या फोटोत पाठीमागच्या नऊ-दहा फासळ्या छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर मोजता येतात, आणि गळ्याच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर दिसतात. फोटो आला की आधी फासळ्या मोजायच्या, मग पेशंटला सोडायचं.

श्वासासाठी पुस्तकात एक ओळ असते. आमच्याकडे पेशंट आडवलीहून, मिठबावहून येतो, ऐंशी वर्षांची आजी, कानाने कमी. तिला "दीर्घ श्वास घ्या आणि रोखून धरा" म्हटलं तर ती तुमच्याकडे बघत राहते. मी म्हणते, "आजये, मोठो श्वास घे. दम धर. हलू नको." आणि कन्सोलवर जाण्याआधी दोनदा तिच्याकडून करून घेते. मी स्वतः तिच्यासमोर छाती भरून दाखवते. तिची वेणी पाठीवर असेल तर वर बांधायची, नाहीतर जाड वेणीची सावली फुफ्फुसाच्या टोकावर पडते आणि डॉक्टरला तिथे डाग वाटू शकतो. काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत, ब्लाउजच्या सेफ्टी पिना, सगळं विचारायचं. मंगळसूत्र काढायला बऱ्याच बायका तयार नसतात. अडून बसू नका. हनुवटीच्या वर घेऊन दातात धरायला सांगा, फोटो स्वच्छ येतो आणि तिचं मनही दुखत नाही.

मला लागलेली ठेच सांगते. दुसऱ्या वर्षाला एका हॉस्पिटलात पोस्टिंग होती. मच्छीमार होता, जाळं ओढायच्या यंत्रात हात सापडलेला. दोन्ही हातांचे फोटो सांगितले होते. गर्दी होती, मी डावं-उजवं दाखवणारा मार्कर न ठेवताच दोन्ही काढले, म्हटलं नंतर संगणकावर डावं-उजवं टाकू. टाकताना मलाच खात्री राहिली नाही. त्याला परत बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी दोन एसटी बदलून सुजलेला हात गळ्यात बांधून आला आणि मला म्हणाला, "चुकला तर चुकला, काढ परत." मी त्याच्यासमोर रडले. तेव्हापासून माझ्या नावाच्या अक्षरांचे दोन शिशाचे मार्कर खिशात असतात आणि ते एक्स्पोजरच्या आधी पॅनेलवर ठेवल्याशिवाय मी खोलीबाहेर जात नाही. तुम्हीही पहिल्या पोस्टिंगच्या आधी असे दोन करून घ्या.

आमच्या भागातले पेशंट ओळखायला शिका, ते कुठल्या पुस्तकात नाही. एप्रिल-मे म्हणजे आंब्याची काढणी, मग झाडावरून पडलेले येतात. पुढे नारळाच्या झाडावरून, पावसात शेवाळलेल्या चिऱ्यावरून. उंचावरून पायावर पडलेला माणूस टाच दाखवतो, कारण तिथे जास्त दुखतं. पण तो धक्का वर कमरेपर्यंत गेलेला असतो. विचारायचं, "कमरेत खंय दुखता काय?" हो म्हणाला तर त्याला उठवून बसवायचं नाही, डॉक्टरला आधी सांगायचं. कागदावर लिहिलेल्या भागापलीकडचा फोटो आपण आपल्या मनाने काढत नाही, पण हे विचारणं आपलं काम आहे.

सीटीच्या पोस्टिंगला आयोडीनचं इंजेक्शन असतं. आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रिपोर्ट बघायचा आणि अॅलर्जी विचारायची. इथे हमखास ऐकू येतं, "कोळंबी खाल्ली की अंगाला खाज येते, मग हे चालेल का?" कोळंबीची अॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. तरी कुठलीही अॅलर्जी सांगितली की ती लिहून डॉक्टरच्या कानावर घालायची. आधी अशाच इंजेक्शनचा त्रास झाला होता का, हा खरा मोठा प्रश्न आहे.

एमआरआयच्या खोलीत किरणं नाहीत, म्हणून मुलं सैल होतात. ते चुंबक रात्रीही चालू असतं, पेशंट नसतानाही. पेसमेकर, क्लिप, पोटात तांबी, हे सगळं विचारायचंच. मिरकरवाड्याकडून, हर्णैकडून आलेल्या माणसाला मी आणखी एक विचारते: बोटीवर वेल्डिंग, ग्राइंडिंग केलंय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? तसा कण डोळ्यात राहिला असेल तर चुंबकात तो हलू शकतो. सोनोग्राफीचं यंत्र तुम्ही अभ्यासाल, पण ती डॉक्टरच करतात, आणि १९९४ चा लिंगनिदानाविरुद्धचा कायदा तुम्हाला तोंडपाठ हवा. ओळखीतलं कुणीतरी एक दिवस विचारणारच. तिथे एकच उत्तर: नाही.

स्वतःची काळजी. टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती किरणं लागली ते मोजणारा बिल्ला, छातीवर, लेड म्हणजे शिशाच्या अॅप्रनच्या आत लावायचा. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आपल्यासाठी मर्यादा सलग पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट (हे किरणांचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही अशी आहे. काचेमागे उभं राहून नियमाने काम केलं तर त्याच्या जवळपासही जात नाही, हे घरी आईवडिलांना समजावून सांगा, विशेषतः मुलींनी. माझ्या लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न आला होता आणि मी बॅजचे रिपोर्ट दाखवले होते. पण एक सवय कधी लावून घेऊ नका: रडणाऱ्या मुलाला धरायला आपण उभं राहायचं नाही. नातेवाईकाला अॅप्रन घालून धरायला सांगायचं, आणि धरणारी बाई असेल तर ती गरोदर नाही ना, हे आधी विचारायचं.

पाळीचं विचारणंही शिकावं लागतं. पोटाचा, कमरेचा फोटो असेल तर तरुण बाईला पाळी कधी आली ते विचारायलाच हवं, आणि ते सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारायचं नाही. दार लावायचं, कपडे बदलायच्या खोलीत तिच्याशी एकटीशी हळू आवाजात बोलायचं. एकदा एक मुलगी सगळ्यांसमोर "नाही" म्हणाली होती. आत आल्यावर तिने माझा हात धरला आणि दोन महिने चुकल्याचं सांगितलं. फोटो थांबवला, डॉक्टरला कळवलं.

पहिल्या दिवशी काय न्यायचं, तेही विचारतात. दोन मार्कर, खिशात मावणारी वही, पायात आवाज न करणारे बूट. जुलैत जात असाल तर एक कोरडा जोड पिशवीत जास्त. वहीत रोज संध्याकाळी लिहायचं: आज किती फोटो, किती रिपीट, प्रत्येक रिपीट कशामुळे. माझ्या पहिल्या महिन्याच्या पानांवर 'श्वास' हाच शब्द पुन्हा पुन्हा आहे.