पहिल्या प्रकल्पासाठी एम ३३

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला एम ३३ ही दीर्घिका मिळाली, तेव्हा दूरची आणि दुर्मीळ अशी एखादी मिळाली नाही म्हणून मी खट्टू झाले होते. आज खगोलशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने हीच दीर्घिका सुचवते. त्रिकोण तारकासमूहातली ही लहान सर्पिल दीर्घिका सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि तिच्या मध्यभागी ठळक फुगवटा जवळजवळ नाही. त्यामुळे जिथे तारे जन्माला येत आहेत, ते प्रदेश एकेक करून न्याहाळता येतात.

सूचीत तिचा वेग सेकंदाला सुमारे उणे १८० किलोमीटर, म्हणजे दूर जाण्याऐवजी आपल्या दिशेने येण्याचा, दिलेला पाहून मी तो छपाईचा दोष समजले होते. दूरच्या दीर्घिकांचे अंतर त्यांच्या दूर जाण्याच्या वेगावरून काढतात, पण इतक्या जवळच्या दीर्घिकेचे अंतर वेगावरून काढायचेच नसते. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ साली ते तिच्यातल्या सेफिड, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांवरून काढले होते.

खरे शिक्षण झाले ते तिच्यातल्या एनजीसी ६०४ या तारानिर्मितीच्या प्रदेशावर. विल्यम हर्शेल यांनी १७८४ साली नोंदवलेला हा तेजोमेघ सुमारे दीड हजार प्रकाशवर्षे पसरलेला आहे. त्याच्या हायड्रोजन अल्फा आणि अतिनील चित्रांतले सर्वांत तेजस्वी ठिपके एकमेकांवर येईनात, म्हणून दोन दिवस मी ती चित्रे सरकवून जुळवत राहिले. दोष जुळणीत नव्हताच. हायड्रोजन अल्फाचा प्रकाश, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरची रेषा, अतिशय वजनदार ताऱ्यांनी आयनीभूत केलेल्या (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केलेल्या) वायूतून येतो आणि असे तारे जेमतेम काही दशलक्ष वर्षे टिकतात. अतिनील प्रकाश मात्र त्याहून कितीतरी जुन्या, सुमारे दहा कोटी वर्षांपर्यंतच्या ताऱ्यांकडूनही मिळतो. तेव्हा ठिपक्यांमधले ते अंतरच तारानिर्मिती कुठून कुठे सरकली असावी, याचे एक चिन्ह ठरू शकते. अर्थात मध्ये धूळ असते आणि ती अतिनील प्रकाश अधिक गिळते. तिचा हिशेब केल्याशिवाय वयाबद्दल बोलू नये.

अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीला एका वेळी सुमारे २८ कलांचे (६० कला म्हणजे एक अंश) आकाश दिसते, तर एम ३३ एका अंशाहून लांब पसरलेली आहे. म्हणून सुरुवातीला एकच भुजा निवडावी आणि हायड्रोजन अल्फाच्या चित्रातून सामान्य ताऱ्यांचा तांबडा प्रकाश आधी वजा करावा. घाईने तारानिर्मितीचा दर काढणाऱ्यांची गफलत बहुधा इथेच होते.