घरातले वॅट, रस्त्यावरचे वॅट: मेळ कसा घालावा

रस्त्यावर सायकल चालवताना पायांतून वीस मिनिटं २३० वॅट ताकद निघते आणि घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, २१५ लाच जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी पहिला संशय पायांवर जातो, पण पाय बिचारे बहुतेकदा निर्दोष असतात.

१. आधी यंत्रं पडताळा. पेडल किंवा क्रँकवरचा (पेडल जोडलेल्या दांड्यावरचा) पॉवर मीटर ताकद साखळीच्या आधी मोजतो; मागचं चाक काढून लावायचा ट्रेनर ती साखळीतून गेल्यावर मोजतो. वाटेत दोन-चार टक्के जातातच, साखळी कोरडी नि मळलेली असेल तर जास्त. मीटर फक्त डाव्या क्रँकवर असेल तर तो डाव्या पायाचा आकडा सरळ दुप्पट करतो, म्हणजे डावा पाय जोरकस असणाऱ्याला फुकटचे वॅट.

दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप करा, मीटर शून्यावर आणा, ट्रेनरला सोय असेल तर तोही कॅलिब्रेट करा. मग ट्रेनरचा आकडा एका उपकरणावर आणि मीटरचा दुसऱ्यावर नोंदवत १५०, १८० आणि २१० वॅटला पाच-पाच मिनिटं चालवा. प्रत्येक वेळी पहिलं मिनिट सोडून सरासरी काढा. फरक तिन्ही ठिकाणी साधारण तितकेच टक्के आला तर लिहून ठेवा आणि विषय संपवा. त्याहून बरं म्हणजे दोन्हीकडे एकच मीटर वापरणं.

२. मग उष्णतेकडे बघा. खरा चोर बहुधा इथे सापडतो. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचवतं. म्हणजे २०० वॅट काढताना ६०० ते ८०० वॅट उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरचा वारा ते काम करतो. बंद खोलीत घाम नुसता हँडलवर टपकतो, वाळत नाही, आणि वॅट तेच असताना नाडी मात्र १४० वरून १५५ कडे सरकते. मी बरेच महिने टेबलावरच्या चिमुकल्या पंख्यावर भागवलं आणि दोष फिटनेसला दिला! मोठा पंखा समोर, छातीच्या उंचीवर ठेवा, खिडकी उघडा. आधी आणि नंतर वजन करा. प्यायलेलं पाणी धरून जितके किलो कमी, साधारण तितके लिटर घाम गेला.

३. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील तेवढे कमाल वॅट, दोन ठेवा. वीस मिनिटांची चाचणी घरी वेगळी, बाहेर वेगळी, सरासरीला ०.९५ ने गुणा. घरचा व्यायाम घरच्या आकड्यावर बेता. बाहेरचा आकडा घरी लादला की तिसऱ्या इंटरव्हललाच (जोर लावायच्या ठरावीक टप्प्यालाच) बोऱ्या वाजतो.

४. कामं वाटून द्या. मोजूनमापून करायचे इंटरव्हल घरी. इर्ग मोडमध्ये, म्हणजे ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतः राखतो तेव्हा, कॅडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) पडू देऊ नका. पाय मंदावले की वॅट राखायला ट्रेनर अवरोध वाढवतो, त्याने पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल जागच्या जागी थांबतं. स्प्रिंट बाहेरच बऱ्या, कारण ट्रेनरला जखडलेली सायकल उभं राहून डोलवता येत नाही. वळणं आणि घोळक्यात चालवणं घरी शिकता येत नाही, हे सांगायला नकोच.

५. तास तासाला तोलू नका. बाहेर उतार, सिग्नल, वळणं यांत पाय थांबतात. घरी एक मिनिटही फुकट जात नाही. त्यामुळे दोन तासांची सैल राइड घरी आणताना मी दीड तासाचीच करतो.