पाडलेल्या उत्तुंग कार्यालयीन इमारतीचा इतिहास कसा लिहावा

शोधाची सुरुवात इमारतीच्या नावापासून न करता पत्त्यापासून करावी, कारण मालक बदलला की अशा इमारतींची नावेही बदलतात. न्यूयॉर्कमधील २७० पार्क ॲव्हेन्यू येथे १९६० मध्ये पूर्ण झालेली ५२ मजली, सुमारे २१६ मीटर उंचीची इमारत मूळची युनियन कार्बाइड या रसायन कंपनीची. १९७८ मध्ये या कंपनीने ती मॅन्युफॅक्चरर्स हॅनोव्हर बँकेला विकली आणि पुढच्या विलीनीकरणांतून ती जेपी मॉर्गन चेसकडे आली. युनियन कार्बाइड हे नाव वाचताच आपल्याला भोपाळ आठवते. मात्र १९८४ च्या दुर्घटनेआधीच कंपनीचे मुख्यालय कनेक्टिकटमधील डॅनबरी येथे हलले होते. भोपाळचा उल्लेख करताना हा कालक्रम तपासला नाही, तर ती घटना या वास्तूच्या माथी मारली जाईल.

त्यानंतर जमिनीखाली काय होते ते पाहावे. बांधकामाचे आराखडे आणि विमा कंपन्यांसाठी काढलेले जुने नकाशे येथे छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. या इमारतीखालून ग्रँड सेंट्रल स्थानकाचे रूळ जात असल्याने लिफ्टसाठी खोल खड्डे घेता येत नव्हते, म्हणून लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून न सुटता अमेरिकी मोजणीच्या दुसऱ्या, म्हणजे आपल्या पहिल्या, मजल्यावरून सुटत असत. दर्शनी भागाच्या वर्णनात पाने खर्च करण्याऐवजी असा एखादा तपशील नीट उलगडावा.

श्रेय देताना केवळ प्रसिद्ध नावावर थांबू नये. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेच्या या कामाशी वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट यांचे नाव जोडले जाते, परंतु रचनेतील नॅटली डी ब्लॉइस यांचा मोठा वाटा दीर्घकाळ झाकला गेला.

पाडण्याचे कारण ‘इमारत जुनी झाली’ एवढ्यावर सोडणे हा आळस होय. नूतनीकरणानंतर या इमारतीला पर्यावरणपूरकतेचे सर्वोच्च, प्लॅटिनम मानांकन मिळाले होते. मात्र २०१७ मध्ये ही इमारत असलेल्या मिडटाउन ईस्ट भागाचे बांधकाम नियम बदलले, त्याच जागेवर कितीतरी मोठी इमारत उभारणे शक्य झाले आणि मालकाचे गणित फिरले. तेव्हा नगरनियोजनाचे ठराव वाचावेतच. शेवटी पाडण्याच्या घोषणेचे वर्ष (२०१८) आणि प्रत्यक्ष पाडकामाचा काळ (२०१९ ते २०२१) वेगवेगळा नोंदवावा. या दोहोंची गल्लत सर्वाधिक होते.